ठाणे–कच्छ–जैसलमेर : दोन सीटर स्पोर्ट्स कार वाळवंटात न्यायची तर

गायमुख_ते_गडीसर

नवरा-बायको दोघंच, डिसेंबर, दहा दिवस. गाडी बीएमडब्ल्यू झेड४ एम४०आय, कापडी टपाची. टायर पुढे २५५/३५ आर१९, मागे २७५/३५ आर१९. स्टेपनी नाही. डिकी २८१ लिटर, टाकी ५२ लिटर, ग्राउंड क्लिअरन्स (जमीन आणि गाडीचं पोट यांतलं अंतर) कागदावर ११४ मिमी. गाडीत काहीही बदल केलेले नाहीत.

वाट अशी ठरवली आहे: ठाणे – अहमदाबाद – भुज – धोरडो (दोन रात्री) – धोळावीरा – तिथून एका दमात जैसलमेर (तीन रात्री, त्यातली एक समला, म्हणजे तिथल्या वाळूच्या टेकड्यांजवळ, एक दिवस तनोट-लोंगेवाला) – जोधपूर – आबू रोडवरून अहमदाबाद – ठाणे. तीन हजार किमीच्या थोडं वर जातंय.

'एसयूव्ही घेऊन जा' हे घरीदारी सगळ्यांचं सांगून झालंय. इथे हवं आहे ते हे: टायरचं काय करायचं, वाळू आणि मीठ यांचं काय, कुठे ही गाडी न्यायचीच नाही, आणि बरोबर काय घ्यायचं.

पारसिक_बोगदा

आधी मापं. ११४ मिमी हे रिकाम्या गाडीचं. दोन माणसं, सामान, भरलेली टाकी धरून दहा-पंधरा मिमी वजा करा, म्हणजे शंभरच हातात राहिले. नियमाने बांधलेला गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद, गोलसर असतो. त्यावर ही गाडी आख्खी चढते आणि आख्खी उतरते, पोट टेकत नाही. घासते ती गावकऱ्यांनी स्वतः ओतलेल्या गतिरोधकावर. तो तेवढाच उंच पण जेमतेम हातभर रुंद असतो. तिथे तिरपं चढवायचं. एका वेळी एकच चाक वर गेलं की कुठलं ना कुठलं चाक गतिरोधकावर राहतं आणि पोट उचललेलं राहतं. वेग माणसाच्या चालीचा. तरी शंका असेल तर शेजारचं माणूस उतरवा. तेवढ्याने काही मिमी मिळतात आणि बाहेरून बघणारे डोळेही मिळतात, दुसरं जास्त कामाचं.

राजस्थानात आणखी एक प्रकार आहे, रपट. कोरड्या ओढ्यावर पूल बांधण्याऐवजी रस्ताच खाली उतरवून परत वर आणलेला असतो. शंभरच्या वेगात गाडी तळाशी दाबली जाते आणि नाक समोरच्या चढाला लागतं. सरळ रस्ता डोळ्यांसमोर तुकड्यासारखा तुटलेला दिसला, मधला भाग दिसतच नाही, की समजा रपट आहे. चाळीसवर या. शिवाय वाळू साचते तीही याच खोलगटात.

रस्त्यांबद्दल थोडक्यात. तुम्ही लिहिलेली सगळी ठिकाणं डांबरी रस्त्याने जोडलेली आहेत आणि बहुतेक पट्टा ठाण्यातल्या रस्त्यांपेक्षा बरा आहे. खरी परीक्षा पहिले शंभर किमी. गायमुख घाट, मग घोडबंदरपासून अच्छाडपर्यंत महामार्गावर काँक्रीट टाकलंय, तिथे काँक्रीटची लेन जिथे जुन्या डांबराला भेटते तिथे पायरी तयार होते. ३५ प्रोफाइलच्या, म्हणजे बुटक्या भिंतीच्या, टायरला ती पायरी आडवी नव्हे, लांबीत भेटली तर जास्त वाईट, कारण लेन बदलताना टायरची बाजू घासते. त्या पट्ट्यात लेन बदलायची असेल तर दोन्ही लेन एका पातळीवर आहेत हे बघूनच.

खारघर_टेकडी

नवी मुंबईकरांनी हा धागा वाचून निघायचं ठरवलं तर: अंजूरफाटा–कामण–चिंचोटीचा शॉर्टकट या गाडीला नको म्हणजे नको. कंटेनरने खोदलेले खड्डे आणि त्यांत पाणी, खोली कळत नाही. ऐरोलीवरून मुलुंड, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, मग पश्चिम द्रुतगती महामार्गाने दहिसर. अंतर वाढतं, रिम वाचतात.

ठाण्यातून घोडबंदरने जाणार असाल तर अवजड वाहनांच्या वेळा आदल्या दिवशी तपासा, वाहतूक पोलीस त्या बदलत असतात. 'पहाटे तीनला निघालो की रस्ता मोकळा' हा हिशेब इथे उलटा पडतो, कारण दिवसा अडवलेले ट्रक त्याच वेळी घाटात असतात.

वडोदरा–अहमदाबाद द्रुतगती मार्ग ९३ किमीचा आहे, तो चांगलाच. तिथे मर्यादा १२०, चौपदरी महामार्गावर १००. पुढे कच्छात आणि राजस्थानात रस्ता इतका सरळ आणि रिकामा आहे की काटा कधी वर गेला कळत नाही. चलन घरी येतं.

आणि डिकीत बाटली नको. जाताना नाही, राजस्थानातून परततानाही नाही. गुजरातेत दारूबंदी आहे, आणि अशी गाडी नाक्यावर आधी थांबवतात, मग बाकीच्यांकडे बघतात.

माजिवडा_नाका

टायरवर सविस्तर लिहितो, कारण या सहलीत दुसरं काही बिघडण्याची शक्यता कमी आणि टायरची भरपूर.

रिम आणि रस्ता यांच्यामध्ये तुमच्याकडे रबराची उंची किती? पुढे २५५ चे ३५ टक्के, ८९ मिमी. मागे ९६. साध्या एसयूव्हीच्या २१५/६० ला १२९ असते. खड्ड्याची कडा टायरला रिमपर्यंत चेपते तेव्हा आतले धागे तुटतात आणि बाजूला टेंगूळ येतं, नाहीतर रिम वाकते. टेंगूळ आलेला टायर दुरुस्त होत नाही, आणि ते आतल्या बाजूला आलं तर दिसतही नाही. रोज सकाळी पुढची चाकं पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून टॉर्चने आतली बाजू बघा आणि हात फिरवा. दोन मिनिटांचं काम आहे.

निघण्यापूर्वी खाचा ४ मिमीच्या खाली असतील तर टायर आधीच बदला. कायद्याला १.६ चालतं, काट्यांना नाही.

काटे म्हणजे वेडी बाभूळ. कच्छात तिला गांडो बावळ म्हणतात आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तीच आहे. तिचा काटा टायरच्या खाचेत शिरतो आणि बाहेरचा भाग मोडतो, आत बोटाच्या पेराएवढा राहतो. हवा लगेच जात नाही, दिवसाला २-३ पीएसआय जाते. म्हणून फोटोसाठी गाडी डांबराखाली उतरवायची नाही. पार्किंग म्हणून मळलेली जागा दिसली तरी आधी पायी जाऊन बघा.

आता हवेचा हिशेब. तापमान ५-६ अंशांनी बदललं की साधारण १ पीएसआय बदलतो. ठाण्यात ३० अंशांत भरलेली हवा जैसलमेरला पहाटे ८ अंशांत मोजली तर ४ पीएसआय कमी दिसेल आणि डॅशबोर्डवर दिवा लागेल. पंक्चर समजून घाबरू नका. चारही चाकांत सारखीच कमी असेल तर थंडी, एकाच चाकात असेल तर काटा. थंड टायरला दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. दुपारी पळवल्यावर तीच हवा ४-५ ने वाढते, ती सोडायची नाही. पंपावरच्या मीटरवर विश्वास नको, स्वतःचा गेज ठेवा.

पंक्चरचा क्रम: पहिल्यांदा पट्टी (भोकात बाहेरून ठोसायची रबरी पट्टी), अगदी नाइलाज झाला तर बाटलीतला गोंद (टायरमध्ये सोडायचा सीलंट). काटा किंवा खिळा दिसला की लगेच उपटू नका, किट उघडून, पट्टीला सोल्युशन लावून तयार ठेवा, मग उपटा. कानशीची सुई त्याच कोनात पाच-सहा वेळा आतबाहेर फिरवा, पट्टी दोन तृतीयांश आत ढकला, झटक्यात ओढा, बाहेर ३-४ मिमी ठेवून कापा. साबणाचं पाणी फवारून बुडबुडे बघा. रुंद टायरवरची पट्टी ही तात्पुरती असते. ती लावल्यावर ठाण्याला येईपर्यंत शंभरच्या आत, आल्यावर टायर उतरवून आतून मशरूम पॅच. बाटलीतला गोंद टाकलात तर ८० च्या आत, काही किमीनंतर थांबून हवा परत मोजायची. बाटलीवर मुदतीची तारीख असते, ती बहुतेकांची उलटून गेलेली असते. बाजूच्या भिंतीला चीर गेली असेल तर पट्टीही चालत नाही, गोंदही नाही, तिथे फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पाठीवर घेऊन जाणारा ट्रक.

या मापाचे टायर भुज-जैसलमेरच्या दुकानांत मिळतील असं धरून चालू नका. पुढची-मागची मापं वेगळी, म्हणून इकडचा टायर तिकडे लावून वेळ मारून नेता येत नाही. उपाय एकच: तुमच्या ठाण्यातल्या टायरवाल्याकडे पुढचा एक आणि मागचा एक टायर पैसे भरून बाजूला काढून ठेवा. गरज पडली तर तो खाजगी बसच्या डिकीतून पार्सल करेल, भुज किंवा जोधपूरला साधारण दुसऱ्या दिवशी पोहोचतो. नाही लागले तर परत करायची बोली आधी करून घ्या.

दिवा_स्लो

एवढा हिशेब तर आमच्याकडे लग्नालाही करत नाहीत.

पण एक मुद्दा राहिला. पंक्चर काढायला चाक उचलणार कसं? हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडचा बाटली जॅक पूर्ण खाली असतानाही १८०-२०० मिमी उंच असतो. तो या गाडीखाली जातच नाही, बसलेल्या टायरसकट तर विसराच.

माजिवडा_नाका

बरोबर, ते लिहायला हवं होतं. दोन मार्ग.

एक, चाक काढूच नका. खिळा दिसत असेल तर गाडी अर्धा फेरा पुढे-मागे ढकलून तो हाताला येईल अशा जागी आणा आणि जागच्या जागी पट्टी मारा. पुढचं चाक असेल तर स्टीअरिंग पूर्ण वळवलं की खाच बाहेर येते. दहापैकी सात-आठ पंक्चर असेच निघतात.

दोन, लाकडी ठोकळे. ४० मिमी जाड, वीतभर रुंद, दीड वीत लांब, एका बाजूला तासून उतार दिलेले, असे दोन. बसलेलं चाक रांगत्या वेगात ठोकळ्यावर चढवा, मग बुटका ट्रॉली जॅक आत जातो. जॅक लावायची जागा फक्त चार: दाराखालच्या पट्टीला आतल्या बाजूने काळे चौकोनी रबरी पॅड आहेत, तिथेच. पंक्चरवाला सवयीने मोकळ्या पत्र्याला लावेल. त्याला थांबवून बोटाने दाखवा, आणि मध्ये रबराचा तुकडा ठेवा. नटऐवजी बोल्ट आहेत, १७ चा पाना, आणि कसायचे १४० न्यूटन-मीटरला. त्याच्याकडे टॉर्क पाना नसणार. मग हातानेच कसू द्या, पान्यावर उभं राहू देऊ नका आणि पुढच्या शहरात मोजून घ्या. एका बोल्टला लॉक असेल तर त्याची चावी गाडीत हवी, घरच्या कपाटात नको.

नेरूळ_बाजू

मीठ आणि पाणी.

धोरडोच्या पांढऱ्या रणात गाडी न्यायची नाही. परवाना भिरंडियाराच्या चौकीवर किंवा ऑनलाइन निघतो, ओळखपत्र लागतं, गाडी पार्किंगपर्यंत जाते, पुढे पायी किंवा उंटगाडीने. कुणी 'कडेने जरा आत घ्या, फोटो झकास येतो' म्हणालं तर ऐकू नका. वरचा मिठाचा थर दिसायला फरशीसारखा, पण खाली काळा चिखल. पायाची टाच जोरात आपटली की थर फुटतो आणि खालून ओलं वर येतं. दीड टनाच्या वरची गाडी तिथे उभी राहत नाही, आणि तिथून बाहेर काढायला आलेला ट्रॅक्टरही कधी कधी रुततो.

डिसेंबरच्या सुरुवातीला रण पूर्ण सुकलेलं असेलच असं नाही, पाऊस उशिरापर्यंत झाला तर पाणी रेंगाळतं. रिसॉर्टवाल्याला त्या आठवड्यातला फोटो मागा. पौर्णिमा धरायची असेल तर तंबूंचं बुकिंग लवकर करा. रणोत्सव चालू असतो आणि पौर्णिमेच्या रात्री सगळ्यांनाच हव्या असतात.

खावडा ते धोळावीरा हा घडुली–सांतलपूर रस्त्याचा तुकडा, सगळे 'रोड टू हेवन' म्हणतात तो. सुमारे तीस किमी दोन्ही बाजूंना रण. डांबर चांगलं आहे, पण सावली नाही, हॉटेल नाही, पंप नाही. कडेचा भराव उतरता आहे, तिथे या गाडीचं चाक उतरलं तर पोट टेकतं. आडवा वारा जोरात असतो, टप उघडा असेल तर टोप्या-कागद सांभाळा. धोळावीरा २०२१ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं, त्यामुळे रस्ता आता सुनसान नसतो, मधोमध गाडी लावून रील करणारे भेटतात. वळण नसलं तरी हॉर्नवर हात ठेवा.

मिठाचा वारा लागलेली गाडी २४ तासांत साध्या पाण्याने खालून धुवायची. वॉशिंग सेंटरच्या लोखंडी रॅम्पवर चढवू नका, चढाचा कोन नाकाला झेपत नाही. जमिनीवरच उभी करून, चाकांच्या खोबणीत आणि पोटाखाली कमी दाबाचं पाणी पाच-पाच मिनिटं सोडायचं. दाबाचा फवारा कापडी टपाच्या शिवणीवर आणि दाराच्या रबरावर नको. डिस्कवर सकाळी तांबूस गंज दिसेल, दोन-चार ब्रेकमध्ये जातो.

उपवन_काठ

शेजारच्या सीटवर बसणारीच्या बाजूने लिहिते, कारण हे कुणी लिहीत नाही.

२८१ लिटरमध्ये ट्रॉली बॅग एकच बसते आणि मग काहीच बसत नाही. कडक बॅग आणूच नका. ४० लिटरच्या दोन मऊ डफल, मध्ये बुटांची पिशवी, आणि जे रस्त्यात लागणार ते सगळं सर्वांत वर. वर सांगितलेला बुटका ट्रॉली जॅक दहा किलोच्या पुढे जातो आणि डिकीचा तिसरा हिस्सा खातो. तो हवा की ठोकळे पुरेत हे आधी ठरवा. माझं मत: ठोकळे, पट्टीचा किट, १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर. जॅक नको.

या गाडीत टप उघडला तरी डिकीची जागा तेवढीच राहते, ही सोय आहे. टप चालत्या गाडीतही ५० च्या आत असताना दहा सेकंदांत उघडतो. पण वाळूच्या प्रदेशात उघडण्याआधी उभं राहून मऊ ब्रशने कापड कोरडं झाडायचं. घडीत वाळू गेली की दर उघडझाप म्हणजे पॉलिश पेपर. ओल्या फडक्याने पुसलंत तर वाळू विणीत बसते. संध्याकाळी टप बंद करून ठेवा. समला रात्री वारा पडला असं वाटतं तेव्हाही बारीक धूळ उतरत असते आणि सकाळी सीटच्या शिवणीत सापडते.

डिसेंबरची दुपार सोसवते, पण उघड्या गाडीत ऊन कळत नाही कारण वारा लागतो. डोक्याला घट्ट बसणारं काहीतरी, ओठांना मलम, दोघांत दिवसाला पाच लिटर पाणी. रात्री एकेरी अंशांपर्यंत उतरतं. हीटर पायाकडे आणि सीटचं हीटिंग चालू ठेवून टप उघडा ठेवता येतो, आकाश बघायला त्याहून चांगली खुर्ची नाही.

स्वच्छतागृहासाठी मोठे, कंपनीने चालवलेले पंप धरा. राधनपूरच्या पुढे अंतरं वाढतात, दिसला की थांबा.

खारघर_टेकडी

मार्गात एक दुरुस्ती. धोळावीरा ते जैसलमेर एका दिवसात नको. रापर, राधनपूर, मग ६८ नंबरचा महामार्ग: थराद, सांचोर, बाडमेर. बाडमेरलाच अंधार पडतो आणि पुढे अजून १५५ किमी राहतात. रात्री त्या पट्ट्यात उंट, नीलगाय, गाई रस्त्यावर येतात, डांबर दिवसभर तापलेलं असतं म्हणून गुरं त्यावर बसतात. उंटाचे पाय लांब. एवढ्या बुटक्या गाडीने ते खालून गेले की धड काचेवर येतं. बाडमेरला मुक्काम करा, सकाळी किराडूची देवळं बघा, ती शहरापासून पस्तीसेक किमीवर आहेत, आणि दुपारपर्यंत जैसलमेर. वाटेत जैसलमेरच्या अलीकडे १७ किमीवर आकल, तिथे ज्युरासिक काळातल्या, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले बुंधे उघड्यावर पडलेले आहेत. आज ओसाड आहे तिथे एके काळी दाट जंगल होतं, एवढ्यासाठी तरी थांबावंच.

पारसिक_बोगदा

जैसलमेरचं. किल्ला ११५६ चा आणि आत अजून वस्ती आहे. प्रोलांमधून, म्हणजे किल्ल्याच्या दरवाज्यांमधून, आत गाडी घालायचा विचार करू नका, गल्ल्या रिक्षालाही अपुऱ्या. किल्ल्याबाहेर पार्किंग असलेलं हॉटेल बघा आणि विचारताना 'पार्किंग आहे का' असं नको, 'गेटच्या उंबऱ्याची उंची किती, उतार आहे का' असं विचारा. जमलं तर व्हिडिओ मागवा.

समच्या कॅम्पवाल्याला 'स्पोर्ट्स कार येईल का' विचारलंत तर तो हो म्हणणार. 'डिझायर येते का, आणि डांबर संपल्यावर तंबूपर्यंत किती पावलं' हे विचारा. शंभर पावलांच्या वर कच्चा रस्ता असेल तर गाडी डांबरालगत राखणदार असलेल्या जागी ठेवा आणि त्यांच्या जीपने जा. टेकड्यांवर जायला तिथे जीप आणि उंट आहेतच. गर्दी नको असेल तर समऐवजी खुडी.

तनोट-लोंगेवालाचा फेरा सुमारे २७० किमी: जैसलमेर, रामगढ, तनोट, लोंगेवाला, परत रामगढ. तनोटपर्यंत भारतीयांना परवाना लागत नाही, ओळखपत्र हवं. जैसलमेरला टाकी काठोकाठ भरा आणि निम्मी झाली की पंप शोधा असा नियम बाडमेरपासूनच पाळा. ५२ लिटरमध्ये हायवेला दहाच्या सरासरीने पाचशे किमी निघतात, पण शेवटचा चतुर्थांश हिशेबात धरायचा नाही. प्रीमियम पेट्रोल प्रत्येक गावात नसतं. झाकणाच्या आतल्या स्टिकरवर किमान ऑक्टेन आणि इथेनॉलची मर्यादा लिहिलेली असते, ते आजच वाचून ठेवा. रामगढच्या पुढे मोबाइल कधी लागतो, कधी नाही. नकाशा उतरवून ठेवा, ड्रोन घरी.

तनोटच्या देवळात १९६५ च्या युद्धातले न फुटलेले तोफगोळे ठेवलेत, देखभाल सीमा सुरक्षा दलाकडे आहे. लोंगेवालाची लढाई १९७१ च्या ४-५ डिसेंबरची. त्या तारखांच्या आसपास जाणार असाल तर गर्दी धरा.

माजिवडा_नाका

त्या रस्त्यावर वाळू येते, तिचं सांगतो. वारा सुटला की टेकडीचं टोक रस्त्यावर सरकतं आणि डांबरावर फिकट रंगाची जीभ पडलेली दिसते. पातळ असली तर खालचं डांबर मधून मधून काळं दिसतं, ती ३० च्या वेगात सरळ पार होते. पूर्ण पिवळी आणि वर लहरी उमटलेल्या असतील तर थांबा, पायी जा, बुटाने उकरा. घोट्याच्या निम्म्यापेक्षा जास्त असेल तर नाही. मागच्या चाकांना ताकद, रुंद गुळगुळीत उन्हाळी टायर आणि शंभर मिमी पोट, या तिन्ही गोष्टी वाळूत तुमच्या विरुद्ध आहेत. पोट टेकलं की चाकांवरचं वजन जातं आणि मग ३४० अश्वशक्ती नुसती खड्डा खणते.

पार करताना स्टीअरिंग सरळ, अॅक्सिलरेटर एकसारखा, वाळूवर ब्रेक नाही. रुतलीच तर चाक एकदा फिरल्यावर लगेच सोडून द्या. दुसऱ्या वेळेला दाबलं की वीतभर आणखी खाली. चारही चाकांच्या मागची वाळू छोट्या फावड्याने काढा, पोटाखालची हाताने ओढा, मागच्या चाकांमागे पायपुसणी कापड वर करून घाला, ट्रॅक्शनचं बटण दाबून पकड थोडी सैल करा आणि आलात त्याच मार्गाने मागे निघा, पुढे नाही. हवा कमी करायची झाली तर २४ पर्यंत आणि तेवढ्या चार मीटरपुरती. ३५ प्रोफाइल त्याखाली रिमवरून निसटतो. बाहेर आलात की लगेच भरा.

ट्रॅक्टर बोलावलात तर दोर कशाला बांधतोय ते वाकून बघा. टूलकिटमध्ये टोइंगचा हूक आहे, बंपरवरची छोटी टोपी काढून आत शेवटपर्यंत फिरवून बसवायचा. तो दिसला नाही तर माणूस सस्पेन्शनच्या दांड्याला दोर घालतो आणि मग अलाइनमेंट, कधी दांडाच, जातो. ओढताना दोर सरळ, झटका नाही.

नंतर चाकातून कर्रकर्र आवाज आला तर घाबरू नका. डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्यामध्ये खडा अडकलेला असतो. दहा मीटर रिव्हर्स, दहा मीटर पुढे, बहुतेक वेळा पडतो. काच कोरड्या वायपरने पुसू नका, आधी पाणी.

नेरूळ_बाजू

विमा आणि मदत: निघण्याआधी रोडसाइड असिस्टन्सच्या नंबरला फोन करून दोनच गोष्टी विचारा, जैसलमेरला फ्लॅटबेड मिळतो का आणि कुठून येतो. जैसलमेरमध्ये तुमच्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर नाही, त्यामुळे गाडी निघाली तर शेकडो किमी निघणार. किती किमीपर्यंत फुकट हे पॉलिसीत बघा. पुढची दोन चाकं उचलून मागच्यांवर ओढत न्यायला निघाला तर परत पाठवा.

दिवा_स्लो

म्हणजे थोडक्यात, गाडी वाळवंटात न्यायची पण वाळवंटात घालायची नाही.

गायमुख_ते_गडीसर

सगळ्यांचे आभार. बदललेला बेत:

१. ठाणे–अहमदाबाद. २-३. धोरडो. ४. धोळावीरा, तिथे पाण्याने धुणं. ५. बाडमेर. ६. किराडू, आकल, जैसलमेर. ७. तनोट-लोंगेवाला, अंधाराआधी परत. ८. सम, गाडी डांबरावर, आम्ही जीपने. ९. जोधपूर. १०. अहमदाबाद. ११. ठाणे. एक दिवस वाढला, सुट्टी मिळतेय.

जॅक नाही. ठोकळे कापूरबावडीच्या सुताराकडे सांगितलेत, सागवानाचे नको म्हणालो, तरी तो ऐकत नाहीये. टायरवाला दोन टायर राखून ठेवायला तयार आहे. गोंदाच्या बाटलीची तारीख बघितली: दोन वर्षांपूर्वीच संपलीय. आणि बोल्टच्या लॉकची चावी खरंच घरच्या कपाटात होती.

उपवन_काठ

ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा, डिकीत नको. सगळ्या बॅगा काढल्याशिवाय सापडणार नाही.